प्रचारपटाची कारागिरी

प्रचारपटात खोटे दृश्य असावेच लागते असे नाही. बहुतेक प्रचारपटांतले जवळजवळ प्रत्येक दृश्य खरे असते. सभा झालेली असते, माणसे आलेली असतात, नेता ते वाक्य बोललेला असतो. कारागिरी असते ती दोन दृश्यांच्या सांध्यात, कॅमेरा जिथे उभा केला त्या जागेत आणि चौकटीबाहेर ठेवलेल्या गोष्टींत. ‘हा व्हिडिओ खरा की खोटा?’ एवढेच विचारणाऱ्या प्रेक्षकाला या कारागिरीचा पत्ता लागत नाही. उत्तर ‘खरा’ असे आले की तो निर्धास्त होतो आणि प्रचाराचे काम तिथून पुढे सुरू होते.

सांध्याची ताकद रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिली. इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य त्यांनी तीन वेगवेगळ्या दृश्यांना जोडले: सुपाचे ताट, शवपेटी आणि एक स्त्री. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. चेहरा बदललाच नव्हता, बदलले होते ते शेजारचे दृश्य. सर्गेई आयझेनस्टाइन यांनी हे तत्त्व राजकारणाला जुंपले. ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५) मध्ये ओडेसाच्या पायऱ्यांवरून उतरणारे सैनिकांचे बूट, किंचाळणारे चेहरे आणि घरंगळत जाणारी बाबागाडी यांची गुंफण अशी आहे की पायऱ्या संपतच नाहीत असे वाटते. १९०५ साली ओडेसात हिंसाचार झाला होता, पण पायऱ्यांवरचे ते हत्याकांड त्या स्वरूपात घडले नव्हते. ते संकलनाच्या टेबलावर घडले. त्यांच्याच ‘ऑक्टोबर’ या चित्रपटातली हिवाळी राजवाड्यावरच्या हल्ल्याची दृश्ये पुढे कित्येक ठिकाणी क्रांतीची अस्सल छायाचित्रे म्हणून छापली गेली. घटनेचे नाट्यरूप घटनेपेक्षा जास्त लक्षात राहते, आणि काही वर्षांनी तेच पुरावा म्हणून वापरले जाते.

महाराष्ट्रात कॅमेरा राजकारणाच्या जवळ आला तो अगदी सुरुवातीलाच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या मुंबईतल्या स्वागताचे चित्रीकरण केले. विषय स्वागताचा होता, पण साहेबाच्या विद्यापीठात साहेबाच्या वर नंबर लावून आलेला तरुण पडद्यावर दिसणे ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. त्यावर निवेदन नव्हते, त्याची गरजही नव्हती. कोणत्या प्रसंगाकडे कॅमेरा वळवायचा, ही निवडच बोलकी होती.

इंग्रजी अमदानीत उघड बोलण्याची सोय नव्हती, त्यामुळे आपल्याकडचा राजकीय चित्रपट वेषांतराने वाढला. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि त्यानंतर १९२० मध्ये मुंबईत आलेले सेन्सॉर मंडळ यांच्या नजरेतून पौराणिक आणि ऐतिहासिक कथा सहसा सुटत. कोहिनूर फिल्म कंपनीच्या ‘भक्त विदुर’ (१९२१) मध्ये द्वारकादास संपत यांनी साकारलेला विदुर खादी आणि गांधीटोपीत आला. कथा महाभारताची, माणूस मात्र ओळखीचा. मद्रास आणि कराचीत या चित्रपटावर बंदी आली. एक टोपी आणि एक कपडा एवढ्यावर राजकारण उभे राहते, हे सेन्सॉरला प्रेक्षकांइतकेच चटकन कळले होते.

‘उदयकाल’चे प्रकरण याहून शिकण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३० मध्ये शिवचरित्रावर मूकपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे आणि शिवाजी महाराजांची भूमिकाही त्यांचीच. चित्रपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’. तो मिठाच्या सत्याग्रहाचा काळ होता. सेन्सॉरने ‘स्वराज्य’ या शब्दाला हरकत घेतली, आणि शेवटच्या झेंडा फडकवण्याच्या दृश्यालाही. नाव बदलून ‘उदयकाल’ झाले, झेंड्याच्या दृश्याला कात्री लागली. सतराव्या शतकातल्या किल्ल्यावरचा झेंडा विसाव्या शतकातल्या सरकारला टोचला, यातच प्रतीकदृश्याचे मर्म आहे. प्रतीक स्वतः काही म्हणत नाही. अर्थ प्रेक्षक घरून घेऊन येतो. म्हणून त्याला पकडणे अवघड आणि त्याचा परिणाम मात्र खोल. पुढे प्रचारपटांतून किल्ला, घोडा, मशाल, नांगर, तुतारी ही प्रतीके महाराष्ट्रात पुन्हापुन्हा आली ती याच कारणाने.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने चित्रपटाचा प्रचार स्वतःच्या हाती घेतला. १९४० मध्ये मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले, व्ही. शांताराम काही काळ त्याचे प्रमुख निर्माते होते. त्यानंतर इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि ‘इंडियन न्यूज परेड’ ही साप्ताहिक न्यूजरील आली. हे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे थिएटरांना सक्तीचे करण्यात आले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि मुंबईचा पेडर रोड सरकारी माहितीपटांचा पत्ता ठरला. माणसे बदलली, सरकार बदलले. सक्ती तशीच राहिली. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात तिला जागा मिळाली आणि या लघुपटांच्या भाड्यापोटी थिएटरवाल्याकडून उत्पन्नाचा एक टक्का घेतला जाऊ लागला. धरण, पोलाद कारखाना, कुटुंबनियोजन, पूरग्रस्तांना मदत असे विषय असत. यातले पुष्कळ काम उत्तम होते, काही दिग्दर्शकांनी तर त्या चौकटीतही धाडसी प्रयोग केले. तरीही त्या न्यूजरीलचा ठसा राहिला तो निवेदनाचा. बोलणारा कुठेही दिसत नाही, तो कोण हे कळत नाही, त्याला शंका येत नाही आणि त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. पडद्यावर मजूर डोक्यावर घमेले घेऊन चाललेला असतो आणि त्याच्या वतीने तो आवाज बोलतो. मजुराला स्वतःचे वाक्य नसते. निवेदनाच्या तंत्रातला हा सर्वांत मोठा राजकीय निर्णय, आणि तो बहुतेकांच्या लक्षातही येत नसे.

आणीबाणीत या यंत्रणेकडून वीस कलमी कार्यक्रमाचा प्रचार करून घेण्यात आला, तर दुसरीकडे अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती जाळून टाकण्यात आल्या. त्याच सुमारास मुंबईच्या आनंद पटवर्धन यांनी बिहारमधल्या आंदोलनावर ‘क्रांति की तरंगें’ हा माहितीपट तुटपुंज्या साधनांत तयार केला. हलणारा कॅमेरा, खरखरीत आवाज, समोरच्या माणसाचे अडखळते बोलणे ही त्याची रूपे सरकारी पटाच्या अगदी उलट होती. पण हेही एक तंत्रच. हादरणारे चित्र आणि अंधूक उजेड पाहिला की प्रेक्षकाला ते आपोआप अस्सल वाटते. आज मोठ्या कंपन्यांनी बनवलेल्या निवडणूक जाहिरातींतही कॅमेरा मुद्दाम किंचित हलवला जातो, तो याच विश्वासाचा फायदा घेण्यासाठी.

नेता आणि गर्दी यांच्या चित्रणाचे व्याकरण मात्र जर्मनीत घडले. लेनी रिफेनश्टाल यांचा ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ १९३५ मध्ये प्रदर्शित झाला. १९३४ च्या न्यूरेंबर्ग अधिवेशनाचा तो तथाकथित माहितीपट. सुरुवातीला ढगांतून विमान उतरते आणि त्यातून हिटलर. जणू तो वरूनच आला. पुढे त्याला बहुधा खालच्या कोनातून, मागे आकाश ठेवून दाखवले आहे आणि लोकांना उंचावरून, रांगांच्या नक्षीसारखे. ध्वजस्तंभाला लिफ्ट बसवून कॅमेरा वर नेला होता, मंचाभोवती रूळ टाकले होते. रिफेनश्टाल पुढे आयुष्यभर आपण फक्त घडले ते टिपले असे सांगत राहिल्या. पण कॅमेऱ्यांच्या सोयीचा विचार मैदानाच्या मांडणीतच झाला होता. आधी सभा ठरली आणि मग चित्रीकरण, असा तो क्रम राहिलाच नव्हता. अमेरिकेत फ्रँक काप्रा यांनी ‘व्हाय वी फाइट’ या सात चित्रपटांच्या मालिकेत याच जर्मन फिती घेतल्या आणि शेजारची दृश्ये व निवेदन बदलून नाझींच्या विरोधात वापरल्या. ब्रिटनमध्ये १९४२ मध्ये चार्ल्स रिडली यांनी त्या शिस्तबद्ध पावलांना पुढेमागे करत एका नाचाच्या गाण्यावर बसवले, आणि दरारा निर्माण करण्यासाठी घेतलेल्या फितीवर प्रेक्षक हसू लागले. एका बाजूचे खरे दृश्य दुसऱ्या बाजूच्या हाती गेले की तेच तिचे हत्यार होते.

आजच्या सभेत ध्वजस्तंभावरच्या लिफ्टची जागा जिमी जिब क्रेन आणि ड्रोनने घेतली आहे. लेन्सची निवडही तेवढीच महत्त्वाची. लांब पल्ल्याच्या टेलिफोटो लेन्समधून पाहिले की पुढची आणि मागची माणसे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. दोन रांगांमधले अंतर डोळ्याला जाणवत नाही. अर्धे भरलेले मैदान त्यात खचाखच वाटते. तेच मैदान मागच्या कोपऱ्यातून, रुंद कोनाच्या लेन्सने घेतले की पुढ्यातल्या रिकाम्या खुर्च्या मोठ्या होतात आणि गर्दी दूर, लहान दिसते. एकाच सभेची ‘जनसागर’ आणि ‘रिकाम्या खुर्च्या’ अशी दोन छायाचित्रे दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर भांडतात तेव्हा दोन्ही खरी असू शकतात. २०१३-१४ पासून मोठ्या सभांचे चित्रीकरण पक्षाची माणसेच करू लागली आणि वाहिन्यांना तयार चित्रप्रवाह पुरवू लागली. वाहिनीच्या बोधचिन्हाचा ठसा त्यावर बसतो, कोन मात्र पक्षाचा असतो. प्रेक्षकाला हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो, आणि वाहिन्यांनीही ते पडद्यावर स्पष्ट लिहिण्याची पद्धत पाडली नाही. तसे लिहायला हवे होते.

वाशिम जिल्ह्याने अलीकडे अशी दोन मोठी चित्रीकरणे पाहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये राहुल गांधी यांची भारत जोडो यात्रा देगलूरकडून महाराष्ट्रात आली आणि हिंगोली, वाशिम, अकोला असा प्रवास करत शेगावच्या सभेपर्यंत गेली. तिची दृश्यभाषा चालण्याची होती. नेत्याच्या समोरून उलट पावली सरकणारा कॅमेरा, बाजूने धावत येऊन बिलगणारे लोक, वरून ड्रोनने टिपलेली माणसांची लांबच लांब रांग. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या दहा दिवस आधी, पंतप्रधान नरेंद्र मोदी मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले आणि पारंपरिक नगारा वाजवला. नगाऱ्याच्या त्या फिती देशभर फिरल्या. वाद्य वाजवणारा नेता हे प्रचारासाठी फार सोयीचे दृश्य असते: आवाज दृश्यातच असतो, ठेका आयता मिळतो, आणि त्या ठेक्यावर संकलकाला चेहरे, हात, झेंडे जोडत नेता येतात. यात्रेची रांग असो की नगारा, दोन्ही दृश्ये खरी. तांड्यावरून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दोन्हीकडच्या चौकटीत मावली नाहीत, हेही खरे.

अशी दृश्ये पाहण्याची रीतही गावागणिक बदलत गेली. याच जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरचे गाव, म्हणून जऊळका रेल्वे. अशा गावांत एके काळी सरकारी प्रचार येई तो क्षेत्रीय प्रचार विभागाच्या गाडीतून, १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर, किंवा जत्रेतल्या तंबूत मुख्य सिनेमाच्या आधी. नंतर घराघरांत दूरदर्शन आले. १९९० च्या आसपास पक्षांचे व्हिडिओ रथ फिरू लागले आणि आता एलईडी व्हॅन फिरतात. व्हॅनवरची फीत वेगळ्या हिशेबाने बनवावी लागते. बाजाराच्या दिवशी माणूस पिशवी हातात घेऊन मिनिटभर थांबतो. त्याने कुठूनही पाहायला सुरुवात केली तरी समजले पाहिजे. म्हणून कथा नसते. नाव, चिन्ह, चेहरा, योजनेचा आकडा आणि गाण्याचे धृपद यांचे चक्र फिरत राहते. भोंग्यावरून शब्द फाटके ऐकू येतात, त्यामुळे अक्षरे मोठी. इथे पटवून देणे हा हेतूच नसतो. चिन्ह डोळ्यांत बसले की काम झाले.

खुद्द प्रचारतंत्रच सर्वांसमोर उलगडून दाखवणारा प्रयोग महाराष्ट्रात २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत झाला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने (मनसे) एकही उमेदवार उभा केला नव्हता, तरी राज ठाकरे यांनी राज्यभर सभा घेतल्या. बोलता बोलता ते थांबत आणि ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत. मागच्या मोठ्या पडद्यावर नरेंद्र मोदी यांचे जुने भाषण, एखादी सरकारी जाहिरात, एखादी बातमी सुरू होई. फीत संपली की पुन्हा वक्ता. चार शब्दांचे ते फर्मान घराघरांत म्हण म्हणून पोहोचले.

या सभांची रचना बारकाईने पाहिली तर ती कुलेशोव्हचीच आहे, फक्त संकलन डोळ्यांदेखत चालते. आधी वक्ता दावा सांगतो, मग पडद्यावर २०१४ चे आश्वासन, मग त्याच व्यक्तीचे नंतरचे विधान, आणि मग वक्त्याचा चेहरा. तो काही बोलत नाही, नुसता पाहतो. त्या थांबण्यात गर्दी हसते, आणि घरी वाहिनीवर पाहणाऱ्याला तो हशा पार्श्वसंगीतासारखा ऐकू येतो. आरोप वक्त्याने केला असे वाटतच नाही. निष्कर्ष आपणच काढला असे प्रत्येकाला वाटते. प्रतिपक्षाच्याच फिती वापरण्याची काप्रांची युक्ती इथे मराठी सभेच्या मंचावर आली होती.

यातले सर्वांत गाजलेले प्रकरण हरिसालचे. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यात, मेळघाटात हे गाव आहे. राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने ते देशातले पहिले डिजिटल गाव केल्याची जाहिरात झाली होती. जाहिरातीत गावातला एक तरुण होता, लाभार्थी म्हणून. लाभार्थ्याला स्वतःच्या तोंडून बोलायला लावण्याची ही शैली त्या काळात सरकारने मोठ्या प्रमाणावर वापरली. २०१७ ची ‘होय, मी लाभार्थी’ ही मोहीम तिच्यावरच उभी होती. जुन्या न्यूजरीलमध्ये मजुराला वाक्य नव्हते, इथे त्याला वाक्य मिळाले, पण लिहून दिलेले. मनसेच्या कार्यकर्त्यांनी हरिसालला जाऊन कॅमेरा लावला आणि जाहिरातीतले गाव व आपण चित्रित केलेले गाव एकापाठोपाठ एक दाखवले: इकडे सोयी झाल्याचा दावा, तिकडे त्या सोयी चालत नसल्याचे सांगणारे गावकरी. मग १५ एप्रिलच्या सोलापूरच्या सभेत फीत संपल्यावर जाहिरातीतला तो तरुणच मंचावर आणून उभा केला. तो कामासाठी वणवण फिरतो आहे, असे सभेला सांगण्यात आले. पडद्यावर पाहिलेला माणूस हाडामांसाचा समोर येणे हा धक्का कोणत्याही संकलनाने देता आला नसता. जाहिरातीचा आधार होता तो खऱ्या चेहऱ्याचा, आणि त्याच चेहऱ्याने तो काढून घेतला.

भाजपने आरोप फेटाळले, हरिसालमधली कामे पुढे केली आणि आशिष शेलार यांनी मुंबईत उलट चित्रफिती लावणारा कार्यक्रम घेतला. त्यात एक मुद्दा बिनतोड होता, आणि तो दोन्ही बाजूंना लागू पडतो: जुन्या भाषणातला तुकडा कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा, हे लावणाराच ठरवतो. आधीचे वाक्य गेले की अटीसकट बोललेले विधान बिनशर्त होते. हरिसालमध्येही जाहिरातीने चालू असलेले कोपरे निवडले होते आणि मनसेच्या कॅमेऱ्याने बंद असलेले. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की जाहिरातीचा खर्च जनतेच्या पैशातून झाला होता. उमेदवारच नसल्याने या सभांचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा, असा प्रश्नही भाजपने निवडणूक आयोगाकडे नेला.

निकालात भाजप-शिवसेना युतीने राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. गाजलेली फीत आणि मिळालेली मते यांचा संबंध प्रचारक सांगतात तितका सरळ नसतो. जातीची गणिते, उमेदवार, स्थानिक संघटना आणि त्या वर्षी पुलवामा-बालाकोटनंतर तयार झालेली हवा यांच्यापुढे एक चांगला सांधा किती पुरणार?

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार यांनी भर पावसात भाषण केले. पोटनिवडणुकीचे मतदान तीन दिवसांवर होते. कोणत्याही दिग्दर्शकाने हे दृश्य रचले नव्हते, पण छायाचित्रणाच्या दृष्टीने ते रचल्यासारखेच जमून आले. पाऊस कॅमेऱ्यात सहसा दिसत नाही. त्यावर मागून किंवा बाजूने उजेड पडला तरच धारा उठून दिसतात, म्हणून चित्रपटात पावसाच्या मागे दिवे लावतात. सभेच्या दिव्यांनी ते काम आपोआप केले. मागे काळोख, पुढे चमकणाऱ्या धारा आणि भिजलेला ७८ वर्षांचा माणूस. रात्रीतून तो तुकडा मोबाइलवर पोहोचला, त्यावर संगीत चढले, गती संथ केली गेली. दृश्य मिळाले योगायोगाने. त्याचा प्रचारपट झाला तो नंतरच्या या संस्कारांनी. साताऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक राष्ट्रवादीने जिंकली.

कथापटांचा मार्ग वेगळा आणि संथ. बाळासाहेब ठाकरे यांच्यावरच्या ‘ठाकरे’ (जानेवारी २०१९) मध्ये बराच भाग कृष्णधवल आहे. कृष्णधवल चित्र जुन्या बातमीपटासारखे वाटते, त्यामुळे अभिनित प्रसंगालाही दस्तऐवजाचे वजन येते. ‘ऑक्टोबर’च्या बाबतीत घडले तेच इथे रंग काढून साधता येते. ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांच्यावरचा ‘धर्मवीर’ १३ मे २०२२ ला आला, प्रवीण तरडे यांचे दिग्दर्शन, प्रसाद ओक यांची भूमिका. सव्वा महिन्यात दिघे यांचे शिष्य एकनाथ शिंदे यांनी शिवसेनेत बंड केले आणि जून संपता संपता ते मुख्यमंत्री झाले. चित्रपटात शिंदे हे दुय्यम पात्र आहे, आणि तंत्र नेमके तिथेच आहे. चरित्रपटात प्रेक्षकाचे प्रेम नायकावर बसते. त्या नायकाची नजर ज्याच्यावर विश्वासाने स्थिरावते त्याच्याकडे ते प्रेम आपसूक वळते. गुरूच्या शेजारी शिष्याला चौकटीत उभे केले की वारसा सिद्ध करायला संवाद लागत नाही. ‘धर्मवीर २’ सप्टेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा विधानसभा निवडणूक दोन महिन्यांवर होती, आणि त्यात ते बंडही कथेचा भाग होते. ‘पीएम नरेंद्र मोदी’ हा चरित्रपट मात्र निवडणूक आयोगाने १० एप्रिल २०१९ च्या आदेशाने थांबवला. तो निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्रदर्शित झाला.

मोबाइलने हे सगळे लहान केले आणि उभे केले. आडवी चौकट परिसर दाखवते. उभ्या चौकटीत एकच माणूस मावतो, त्यामुळे रील स्वभावतःच व्यक्तिपूजेला सोयीचे. ते अनेकदा आवाज बंद ठेवून पाहिले जाते, म्हणून पडद्यावर ठळक अक्षरे. तीच अक्षरे दृश्याचा अर्थ आधीच सांगून टाकतात. गाडीतून उतरणारा स्थानिक नेता, संथ गती, दाक्षिणात्य चित्रपटाचे संगीत, शेवटी काळा चष्मा: हा तयार साचा आता ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही वापरला जातो आणि त्याला लागतो एक फोन व फुकटचे ॲप. कापाकापीही तितकीच सोपी झाली. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमित शहा यांच्या तेलंगणातल्या भाषणाची काटछाट केलेली फीत पसरली. एका विशिष्ट आरक्षणाबद्दलचे विधान अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींच्या आरक्षणाबद्दलचे असल्यासारखे त्यात वाटत होते. पोलिसांनी काही जणांना अटकही केली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने बिटकॉइनच्या व्यवहाराच्या ध्वनिफिती पुढे आल्या. सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचे सांगून तक्रार केली, आणि सत्यशोधन करणाऱ्यांच्या तपासणीत आवाज कृत्रिम असण्याची दाट शक्यता दिसली. कुलेशोव्हपासून चालत आलेला ‘खरे दृश्य, वेगळा सांधा’ हा नियम इथे प्रथमच मोडतो, कारण मूळ दृश्यच लागत नाही.

कायदा या सर्वांच्या मागून चालतो आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास चित्रपट, दूरचित्रवाणी किंवा तत्सम साधनाने निवडणूकविषयक काहीही लोकांना दाखवता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. मतदान अनेक टप्प्यांत असले की ही शांतता विरळ होते. वाशिम जिल्ह्यातच ते दिसते. रिसोड विधानसभा मतदारसंघ, ज्यात मालेगाव तालुका येतो, तो अकोला लोकसभेला जोडलेला, आणि जिल्ह्याचा उरलेला भाग यवतमाळ-वाशिमला. २०१९ मध्ये यवतमाळ-वाशिमचे मतदान ११ एप्रिलला झाले, अकोल्याचे १८ ला. वाशिम शहरात प्रचारबंदी लागली तेव्हा शेजारच्या तालुक्यात व्हॅन फिरू शकत होत्या आणि वाहिन्या तर सगळीकडे सारख्याच दिसत होत्या. २०२४ मध्ये दोन्हीकडे २६ एप्रिल ही एकच तारीख होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशानंतर दूरचित्रवाणीवरच्या राजकीय जाहिराती आधी तपासून घ्याव्या लागतात. त्यासाठी जिल्हा आणि राज्य पातळीवर माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समित्या असतात, आणि २०१३ पासून समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीही त्यांच्याकडे येतात. ६ मे २०२४ ला आयोगाने पक्षांना बनावट फिती लक्षात आल्यापासून तीन तासांत काढून टाकण्यास सांगितले. समितीपुढे येते ती पैसे मोजून दिलेली जाहिरात. एखाद्याने स्वतःच्या खात्यावर टाकलेला व्हिडिओ आयोगाच्या व्याख्येत राजकीय जाहिरात ठरत नाही, त्यामुळे त्याला प्रमाणपत्र लागत नाही. ही सूट नागरिकाच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी आहे आणि ती काढून घेणे चुकीचे ठरेल. पण पक्षाच्या कार्यालयात बनलेली फीत हजार कार्यकर्त्यांच्या खासगी खात्यांवरून निघाली, की तीही त्याच सुटीत बसते, आणि जऊळक्याच्या व्हॉट्सॲप गटात पोहोचेपर्यंत तिच्यावर ना बनवणाऱ्याचे नाव असते, ना तारीख. छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव टाकणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्याच कलम १२७ अ ने बंधनकारक केलेले आहे. फिरत्या चित्रफितीसाठी त्या कलमात तसे बंधन नाही.